पाव वॉटचा गुन्हा

हिरवी जीवनशैली शेजाऱ्याच्या घरात फार शोभून दिसते. आपल्या घरात शिरली की तिचं सरकारी खातं होतं. खातं म्हटलं की तपासणी आली, खुलासा आला आणि ठपका ठेवायला हाताशी एक कर्मचारी आला. आमच्याकडे तो कर्मचारी मी.

पूर्वी वीजबचत आईच्या अखत्यारीत होती, तेव्हा कारभार तोंडी चालायचा. "दिवा कोणी चालू ठेवलाय?" असं ती रिकाम्या खोलीला विचारायची. खोली काही बोलत नसे, म्हणून उत्तर मी द्यायचो. दोन वाक्यांत प्रकरण मिटायचं. मग मुलीला शाळेतून 'ऊर्जेचा घरगुती वापर' हा प्रकल्प मिळाला आणि ती कुणाकडून तरी वॉटमीटर मागून घेऊन आली. ते सॉकेटमध्ये खोचायचं, त्याच्या पोटात उपकरणाची पिन घालायची, की छोट्या पडद्यावर आकडा येतो. तिने एक वही केली. वहीच्या पहिल्या पानावर, का कोण जाणे, माझं नाव होतं.

पहिली धाड माझ्या मोबाइलच्या चार्जरवर पडली. मोबाइल काढून घेतल्यावर चार्जर सॉकेटमध्ये तसाच राहतो, ही माझ्यावरची जुनी तक्रार. सगळं घर गोळा झालं. मुलीने चार्जर यंत्रात खोचला. यंत्राने शून्य दाखवलं.

"बघा!" मी म्हणालो.

"बाबा, इतका बारीक आकडा या मीटरला दिसत नाही. याचा अर्थ तू निर्दोष आहेस असा नाही."

पुराव्याअभावीदेखील सुटका नाही! तिने कुठूनतरी वाचून रिकाम्या चार्जरला पाव वॉट लावला. हल्लीच्या चांगल्या चार्जरला हेही जास्तच आहे, पण मी वाद घातला नाही. वर्षाचे तास ८७६०. त्याला पाव वॉटने गुणलं की साधारण २.२ युनिट होतात. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की जेवढी वीज जळते तेवढी. म्हणजे वर्षाचे बाराही महिने, रात्रंदिवस, अधिक महिना धरून मी जो काही अपराध करतो, तो सगळा मिळून सव्वादोन युनिटसुद्धा भरत नाही. बायको वहीत डोकावून म्हणाली, "आकडा लहान असेल हो. प्रश्न सवयीचा आहे." सवयीला युनिट नसतं, त्यामुळे तिथे हिशेब चालत नाही.

दुसरा नंबर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा. हा मात्र खरा बिलंदर निघाला. टीव्ही चालू असताना १३ वॉट. रिमोटने बंद केला, लाल दिवा लागला, तर ११ वॉट! झोपेचं सोंग घेऊन रात्रभर टक्क जागा. चार दिवसांत एक युनिट गिळतो, म्हणजे माझ्या चार्जरच्या चव्वेचाळीस पट. आता याचं बटण भिंतीपाशीच बंद करायचं, असा हुकूम सुटणार तेवढ्यात आईने विचारलं, "आणि परत चालू व्हायला किती वेळ लागतो त्याला?"

"चार-पाच मिनिटं, आजी."

"मग माझ्या मालिकेची सुरुवात जाते. राहू दे तो जागा."

वहीत त्याच्यापुढे 'अत्यावश्यक सेवा' असा शेरा पडला.

फ्रिजचं प्रकरण लवकर आटोपलं. तो कधी १०० वॉट खातो, कधी एकदम गप्प बसतो. मुलगी त्याच्यासमोर स्टूल टाकून आकडे लिहीत बसली आणि कंटाळून उठली. जाता जाता मात्र तिने दाराच्या फटीत कागद धरून दार लावलं आणि कागद ओढून पाहिला. तो अलगद निघून आला. म्हणजे दाराचं रबर सैल, म्हणजे गार हवा बाहेर आणि गरम हवा आत. रबर बदलणं हा या सगळ्या मोहिमेतला एकमेव शहाणपणाचा निष्कर्ष होता, म्हणून अर्थातच तो पुढे ढकलला गेला. "त्यापेक्षा बाबा दार उघडून विचार करत उभा राहतो, ते थांबवा," असं ठरलं. मी विचार करत नाही, मी शोधत असतो. असो.

यानंतर गीझर आणि एसीवर धाड पडायला हवी होती. पण त्यांच्या पिना जाड, आणि आमच्या मीटरची भोकं लहान. पिन आत जाईचना! तपास तिथेच थांबला. घरातले दोन बडे खातेदार केवळ अंगाने मोठे असल्यामुळे सुटले आणि पाव वॉटवाला वहीत अडकला, हे दृश्य मला अगदीच अनोळखी वाटलं असं नाही.

पण आता चार्जरच्या अब्रूचा प्रश्न होता. मी म्हटलं, मीटर नाही तर नाही, गणित तर आहे. पाणी तापवणं हा विजेचा सर्वांत महागडा शौक. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही. दहा मिनिटं शॉवर चालवला की साधारण ८० लिटर पाणी जातं. ते १५ अंशांनी कोमट करायचं तर सुमारे १.४ युनिट लागतात. म्हणजे एक अंघोळ माझ्या चार्जरचे जवळजवळ पावणेआठ महिने. आणि आमच्याकडे शॉवरखाली गाण्याच्या सगळ्या कडव्यांसकट उभं कोण राहतं? तपास अधिकारी स्वतः.

मुलीने आकडेमोड दोनदा तपासली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, व्यायामाची सायकल आहे ना आपल्याकडे. तिला जनरेटर लावला तर?"

मी तेही गणित मांडलं. धडधाकट माणूस दम न लागता १०० वॉटच्या आसपास पेडल मारतो. तासभर घाम गाळला की ०.१ युनिट. तिच्या एका अंघोळीसाठी मला १४ तास सायकल मारावी लागेल, आणि उतरल्यावर मलाच अंघोळ लागेल. तिला हे दुष्टचक्र फार आवडलं. वहीत तिने त्याची आकृती काढली, सायकलवर मी.

याच सुमारास बायकोने दिव्यांचा विषय काढला, कारण तो तिच्या खात्यावर जमेचा होता. जुना ६० वॉटचा बल्ब जाऊन ९ वॉटचा एलईडी तिनेच आणला होता. उजेड तेवढाच, वीज सहाव्या-सातव्या हिश्श्याने. पण मग 'एलईडीच तर आहे' या तीन शब्दांनी आमच्या बैठकीच्या खोलीत जे काही घडलं! एक दिवा चित्रावर पडायला, एक कोपऱ्यातल्या रोपाला, एक छतातल्या खाचेत, तो नेमका कशासाठी हे कुणालाच माहीत नाही. आता एकूण सात आहेत. सात नव्वे त्रेसष्ट. म्हणजे बचत करून करून आम्ही जुन्या बल्बच्या तीन वॉट पुढे गेलो आहोत.

यात तिचा काही दोष नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच हे सांगून ठेवलंय. वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण परवडतंय म्हटल्यावर जो तो यंत्र बसवू लागला. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या रोपाला काय अंधारात ठेवायचं?" जेव्हन्सलाही याचं उत्तर देता आलं नसतं.

एसीवर मात्र सगळ्यांनी मिळून तह केला. कुणाला १८ हवा, कुणाला बंदच हवा. साध्या एसीत आकडा १८ वर नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही, ती फक्त नको तेवढी गार होते. मग आपण विकत घेतलेली थंडी रजईने अडवत झोपतो. तेव्हा २६ वर एसी, सोबत मंद पंखा, आणि सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, असं ठरलं.

पहिल्याच रात्री मुलीला नवी माहिती सापडली. माणूस दिवसाला २००० किलोकॅलरी खातो. ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. हिशेब केला तर सरासरी ९७ वॉट. म्हणजे चौघं मिळून खोलीत जवळजवळ ४०० वॉटचा हीटर चालू, आणि एसी बिचारा तो विझवत बसलेला.

"एक हीटर कमी केला तर एसीवरचा भार हलका होईल," ती म्हणाली.

क्षणभर शांतता पसरली. मग आईने माझी उशी उचलून माझ्या हातात दिली.

हल्ली मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तिथला पंखा फार जुना आहे, चांगला ७५ वॉटचा असणार. पण तो छताला टांगलेला, त्याला पिन नाही. आणि त्याच्यावरची पाटी वाचायची तर शिडी लागेल, शिडीवर चढायला आजीची परवानगी नाही. त्यामुळे वहीत त्याची अजून नोंद नाही. रात्री सगळे झोपले की मी उठून त्याचा वेग पाचवर करतो आणि चार्जर सॉकेटमध्ये खोचून ठेवतो, मोबाइलशिवाय.