टेबल कुणाचं

“मामा, बार कौन्सिलचे साडेसातशे भरले की. आता परत बार असोसिएशनची वर्गणी कशाला? बाररूममध्ये बसून चहा प्यायला?”

इकडे कॅनडात सकाळचे सहा वाजले होते. मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, कानात इअरफोन. भाच्याला नुकतीच सनद मिळालेली. आमच्याच तालुक्याच्या कोर्टात तो बसायला लागला आहे. तिकडे कोर्ट सुटायची वेळ, त्यामुळे मागे मोटारसायकलींचा आणि पक्षकारांचा गलका ऐकू येत होता. मी त्याला एवढंच म्हणालो, की ऑफिसला पोचून बोलतो. पण डोकं फिरलं ते फिरलंच. ४०१ हायवेवर चाळीस मिनिटं तेच घोळत होतं.

ऑफिसात पोचल्यावर शहाणपणा केला आणि आमच्या शहाजी लॉ कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर त्याचं म्हणणं टाकलं. वाटलं, जुनी मंडळी पोराला दोन शब्द सुनावतील. झालं उलटंच. “बरोबर बोलतोय की पोरगं.” “असोसिएशन म्हणजे वर्षातून एकदा निवडणूक आणि वर्षभर त्याचा राग.” “ऊठसूट काम बंद, आणि शिव्या खायच्या आम्ही पक्षकारांच्या.” एकाने सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२४ चा निकाल चिकटवला: ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये सनदेसाठी साडेसातशे रुपये लिहिलेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे, तेव्हा राज्यांच्या बार कौन्सिलांनी त्यावर हजारो रुपये उकळू नयेत. बघा, म्हणाला, एक लूट कोर्टाने थांबवली, दुसरी आपण आपल्या हाताने कशाला भरायची?

वकिलांच्या ग्रुपवर बार कौन्सिल आणि बार असोसिएशन यांची अशी खिचडी व्हावी, हे मला झोंबलं. कौन्सिल सनद देतं आणि काढूनही घेतं. तिथे तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. असोसिएशन आपल्या कोर्टातल्या माणसांनी आपापल्यासाठी काढलेली. इकडेही तसंच आहे. लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओ लायसन्स देते, वर्षाला बारा तास सीपीडी, म्हणजे वकिलांचं चालू शिक्षण, केलं का म्हणून हिशेब मागते, आणि तिचं पत्र आलं की पोटात गोळा येतो. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, लॉ असोसिएशन वेगळी. तिचं पत्र येतं ते दुपारच्या जेवणाचं, नाहीतर कुणी गेल्याचं. हॅमिल्टनची असोसिएशन १८७९ पासून चालू आहे, आणि अशा जुन्या असोसिएशनांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी लायब्ररीच सापडेल. एकट्याला सगळे लॉ रिपोर्ट परवडत नव्हते, म्हणून पैसे काढून कोर्टातच पुस्तकं ठेवली. आमच्या तालुक्यात माझ्या साहेबांच्या, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी ज्युनिअर होतो त्यांच्या, कपाटातला एआयआर, म्हणजे निकालांचा खंड, आणायला मी सायकलवर जायचो, ते आठवा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. आणि मग दहा दिवसांच्या नोटिशीचीही गोष्ट लिहिली.

ती अशी. मी इथे २००८ मध्ये आलो. परदेशात कायदा शिकलेल्यांना द्यावे लागणारे एनसीएचे पेपर दिले, दहा महिने आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाकडे उमेदवारी केली, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन्ही परीक्षा दिल्या, आणि एका डेंटिस्टच्या दवाखान्यावरच्या खोलीत एकट्याने पाटी लावली. घरांच्या खरेदी-विक्रीची क्लोजिंग, मृत्युपत्रं, अधूनमधून किरकोळ दावे. असोसिएशनची वर्गणी दोन-तीन महिन्यांच्या कॉफीएवढी, तरी चार वर्षं भरली नाही. कशाला भरायची? (हो, भाच्याचेच शब्द.) पाचव्या वर्षी भरली, ती सुद्धा स्वस्तात सीपीडीचे तास मिळतात म्हणून.

त्या हिवाळ्यात एक पंजाबी बाई आल्या. फुटपाथवरच्या बर्फावर घसरून मनगट मोडलेलं. मी निवांत. कॅनडा असला तरी दाव्याची मुदत म्हणजे वर्षांत मोजायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे साधारण दोन वर्षं. हॉस्पिटलचे कागद मागवू, मग बघू. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी सुपिरियर कोर्टात गेलो होतो. रोबिंग रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या गाऊन चढवायच्या खोलीत, बँड बांधता बांधता शेजारच्या बाईंना बोलता बोलता ही केस सांगितली. सत्तरीच्या बाई, पांढरे केस, गाऊनला खांद्यावर हिरवट झाक आलेली. त्यांनी एकच विचारलं, पडून किती दिवस झाले? मी म्हणालो, आठ. त्या म्हणाल्या, मग इथे काय करतोयस?

म्युनिसिपल ॲक्टप्रमाणे रस्त्यावर किंवा फुटपाथवर पडून इजा झाली तर पालिकेच्या क्लार्कला दहा दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. कुठे, कधी, कसं, सगळं लिहून. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण “माझ्या वकिलाला माहीत नव्हतं” हे कारण मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? त्या बाईंनी आपल्या बॅगेतून पिवळा कागद काढला आणि तिथेच बाकावर बसून मला मजकूर सांगितला. मी लिहून घेतला, ज्युनिअरसारखा. नोटीस त्याच दुपारी पोचली. पुढे २०२१ पासून खाजगी जागेतल्या बर्फासाठीही साठ दिवसांची नोटीस आली, तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही. असोसिएशनच्या जेवणात मीच चार पोरांना सांगत होतो.

दर आठवड्याला असोसिएशनची ईमेल येते. अमुक बाई वारल्या, त्यांचं मृत्युपत्र कुणाच्या तिजोरीत आहे का बघा. ज्याने बनवलं तो वकील दहा वर्षांपूर्वी मेलेला, त्याच्या फायली दुसऱ्याने घेतलेल्या, त्यानेही दुकान बंद केलेलं. एकदा माझ्याच कपाटात निघालं. नवऱ्याने घर बायकोला ठेवलं होतं, आणि पहिल्या बायकोचा मुलगा सांगत होता की मृत्युपत्रच नाही. एका ईमेलने त्या म्हाताऱ्या बाईचं घर वाचलं. आता कुणी मला सांगावं, की ही कसली लूट.

आणि मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं बेंच? हेही लिहिलं, जरा जोरातच. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात सर्किट बेंच बसलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचा पक्षकार आता महालक्ष्मी एक्सप्रेससारख्या गाडीच्या डब्यात रात्र काढून, सकाळी सीएसएमटीच्या नळावर तोंड धुऊन, तारीख घेऊन परत येत नाही. चाळीस वर्षांहून जास्त ती मागणी धरून ठेवली कुणी? सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशनांनी. ज्या चहावरच्या गप्पांना तुम्ही हसता, त्याच गप्पांत ठराव लिहिले गेले, मोर्चे ठरले, मुंबईला कोण जाणार ते ठरलं. आमच्या साहेबांच्या हयातीत ते झालं नाही, पण त्यांच्या हस्ताक्षरातला एक ठराव मी स्वतः टाईप करून आणलेला आहे.

एक गोष्ट मात्र मी खुबीने गाळली. त्याच मागणीसाठी आम्ही काम बंद ठेवायचो, आणि २००२ मध्ये हरीश उप्पल खटल्यात सुप्रीम कोर्टाने वकिलांना संपाचा हक्क नाही असं सांगितल्यावरही ठेवायचो. अशाच एका बंदात जमिनीच्या मनाई हुकमासाठी आलेला एक शेतकरी कोर्टाच्या पायरीवर दिवसभर बसून परत गेला. पुढच्या तारखेपर्यंत बांध फोडून झाला होता. मी आत बाररूममध्ये कॅरम खेळत होतो. इकडे वकील असं कोर्ट बंद पाडत नाहीत, हे मी ग्रुपवर कितीदा तरी लिहिलं आहे. कॅरमचं कधी लिहिलं नाही.

असो. माझ्या या प्रवचनावर अंगठे आले, हात जोडलेले आले. एकाने लिहिलं, “तिकडं बसून बोलायला काय जातंय भावा.” त्यावर मी अजून लांब उत्तर लिहायच्या तयारीत होतो, एवढ्यात एक ओळ आली. जो वर्गमित्र ग्रुपवर एरवी काहीच लिहीत नाही, सणाच्या शुभेच्छासुद्धा नाही, त्याची.

“तुला टेबल होतं.”

तालुक्याच्या बाररूमशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे टेबलं असतात, आणि प्रत्येक टेबलाला मालक असतो. लिहिलेलं कुठेच नसतं, पण साहेब वारले तरी टेबल त्यांच्या ज्युनिअरांकडे जातं. नवीन पोरगं आत आलं की विचारतात, “कुणाचा रे तू?” मी साहेबांचं नाव सांगितलं आणि साहेबांच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझी खुर्ची आली. त्याच आठवड्यात हा वर्गमित्रही आला होता. त्यालाही विचारलं, कुणाचा. त्याने वडलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, गावातली वस्ती कुठली तेही पुढच्या प्रश्नात निघालंच. मग कुणी काही वाईट बोललं नाही. नुसतं कुणी सरकलं नाही. तीन वर्षं तो खिडकीखालच्या बाकावर, मांडीवर फाईल ठेवून वकीलपत्रं लिहायचा. वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचं, वेल्फेअरचं, तिकीट चिकटवायला डिंक मागायला तेवढा आमच्या टेबलाशी यायचा. वर्गणी मात्र त्याच्याकडून वेळेवर घेतली जायची; मी खजिनदाराबरोबर पावतीपुस्तक घेऊन फिरायचो, म्हणून मला माहीत आहे.

मी काय केलं? काही नाही. माझ्या कोपऱ्यात अजून एक खुर्ची मावली असती.

इकडचीही एक गोष्ट मी त्या दिवशी ग्रुपवर लिहिली नव्हती. २००८ मध्ये, मी टोरोंटोला उतरलो त्याच वर्षी, ब्रॅम्प्टनच्या कोर्टातल्या वकिलांच्या लाउंजमध्ये दोन कृष्णवर्णीय वकील आणि एक आर्टिकलिंग विद्यार्थी बसले होते. असोसिएशनच्या लायब्ररीयनने नेमकं त्यांनाच ओळखपत्र मागितलं. प्रकरण मानवाधिकार न्यायाधिकरणात गेलं, २०१० मध्ये भेदभाव झाला असं ठरलं, २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने ते उलटवलं, आणि २०१३ मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टाने पुन्हा मूळ निकाल कायम केला. आर्टिकलिंगच्या वेळी मी हे प्रकरण पेपरात वाचत होतो. चार वर्षं वर्गणी न भरण्याचं कारण कॉफीचे पैसे नव्हते. लाउंजच्या दारात मला कुणी “कुणाचा रे तू” विचारेल, आणि इथे सांगायला साहेबांचं नाव नाही, याची धास्ती होती. मी गाडीत बसून डबा खायचो, पार्किंगमध्ये, हीटर लावून.

त्या बाईंनी मला काही विचारलं नाही, किती दिवस झाले एवढंच विचारलं. बाकावरची बॅग उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मला बसायला जागा झाली. तेवढं सरकणं.

वर्गमित्राला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, फोन केला. पहिल्या वेळी त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच आला. तो आता जिल्ह्याला सरकारी वकिलाच्या पॅनेलवर आहे, मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला. मी माफी वगैरे मागायला लागलो तर म्हणाला, “राहू दे रे. तुझ्या भाच्याला सांग, वर्गणी भर. मी एक वर्षही चुकवली नाही. नाव यादीत नसतं तर बाकावरूनही उठवलं असतं.” मग थोडा वेळ दोघंही गप्प, आणि मग त्याने सर्किट बेंचच्या पार्किंगची तक्रार सुरू केली.

रविवारी भाच्याला फोन केला आणि सांगितलं, की वर्गणी भर, आणि आत गेलास की खिडकीखाली कोण बसतंय ते बघ. तो म्हणाला, “मामा, खिडकीखाली आता झेरॉक्स मशीन आहे.”

“आणि साहेबांचं टेबल?”

“कुठल्या साहेबांचं?”

मी नाव सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. मग मी म्हणालो, तुझी भरशील तेव्हा माझीही वर्गणी भर, पैसे पाठवतो, माझं नाव पुन्हा यादीत घाल. तो हसायला लागला. हल्ली असोसिएशनच्या घटनेचं पुस्तक वाचतोय वाटतं, कारण नियमासकट उत्तर आलं: इथे नियमित प्रॅक्टिस करणाऱ्यालाच सभासद होता येतं. शिवाय सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये त्यांच्या बारच्या खटल्यात सांगून ठेवलंय, एक बार एक मत, म्हणजे एका वकिलाने एकाच असोसिएशनात मत द्यायचं.

“तुम्ही तिकडं मत देता न्हवं, मामा?”

देतो, म्हणालो. मागच्या वर्षी तर खजिनदारपदाला उभाही होतो.

“मग कसं जमायचं?” तो म्हणाला, आणि पक्षकार आलाय म्हणून फोन ठेवला. रविवारी.