उलटलेला तोंडाचा कॅन्सर: ‘आता काही उपाय नाही’ हे खरं नाही

‘तोंडाचा, घशाचा कॅन्सर उलटला की उपाय संपले, इम्युनोथेरपी तर पैसेवाल्यांचीच’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय (इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार). तो चुकीचा आहे. गाठ जागच्या जागीच परतली असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया होईल का, हे आधी विचारा. काही रुग्ण तिने बरे होतात. ती शक्य नसेल तरी वाट आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात कॅन्सरवरच्या कमी डोसच्या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीचा डोस याच्या कितीतरी पट असतो, म्हणून खर्चही. आजार याने मुळापासून जात नाही, हे स्पष्ट सांगते. तरी उपचार सोडून आईवडिलांना घरी नेण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट आणि जुन्या रेडिएशनचे कागद घेऊन दुसरं मत घ्याच.