लाल गोल कसा काढावा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कलावंताने साध्या फोटोवर लाल गोल काढून सगळ्यांना घाबरवण्याची जी कामगिरी केली, ती पाहून मी थक्क झाले. आपण मेले इतकी वर्षं नुसते फोटो काढत राहिलो! फोटो दाखवून लोकांना एखादी गोष्ट पटवायची कशी, ते आपल्याला कधी जमलंच नाही. त्या अनामिक गुरूकडून जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते. घ्या शिकून.

सगळ्यात आधी, फोटो खराच घ्यावा. एआयच्या नादी लागू नका. त्यात एखादं बोट जास्तीचं निघतं आणि ग्रुपवर एक तरी रिकामा इंजिनीअर ते मोजायला बसलेला असतो. २०२३च्या मार्चमध्ये पोपना पांढरं फुगीर जॅकेट चढवून अर्ध्या जगाला फसवलं होतं, पण शेवटी पकडलं गेलंच. खऱ्या फोटोला ती भीती नाही. गूगल लेन्स लावा नाहीतर भिंग लावा, खोट सापडणारच नाही.

मग कात्री. आमच्या गुरूच्या मूळ फोटोत तीन माणसं होती. गेटजवळ गाठोडं सोडून बसलेली बोहारीण, तिच्यासमोर उकिडवा बसलेला पाच वर्षांचा मुलगा, आणि डाव्या हाताला कमरेवर हात ठेवून उभी असलेली आजी. आजी घासाघीस करत होती. दोन पँटी आणि चांगली जरीची साडी घेऊन बिनझाकणाचा डबा देतेस होय गं? गुरूने काय केलं? आजी कापली. बस्स. उरली गाठोडंवाली बाई आणि तिच्यापुढे एकटं मूल. एका अक्षराने खोटं बोलावं लागलं नाही.

आता लाल गोल. तो मुलाभोवती काढू नका, ते नवशिके करतात. गाठोड्याभोवती काढा. आत काय असेल ते लोक आपापल्या कुवतीप्रमाणे भरून घेतात. आपण सगळेच मऊ भाताच्या घासाबरोबर ऐकत आलोय, ‘खा मुकाट्याने, नाहीतर झोळीवाल्याला देऊन टाकीन.’ झोळी आपल्या डोक्यात तीन वर्षांच्या वयापासून टांगलेली आहे. तुम्ही फक्त तिच्याकडे बाण दाखवायचा.

मजकुरात गावाचं नाव कधीही लिहू नये. ‘आपल्या भागात’ लिहावं. ‘सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी!’ हे सकाळी अकराला डोंबिवलीत खरं होतं, संध्याकाळी सातला नाशकात तितकंच खरं होतं, आणि रात्री जळगावला पोचलं तरी कुणाला एक शब्द बदलावा लागला नाही. एवढी टिकाऊ मराठी अलीकडे कुणी लिहिलेली नाही.

खाली नाव घालू नका. रविवर्म्याने ती चूक केली. १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या तसबिरींनी घरोघरच्या देवघरांत शिरून आपल्याला लक्ष्मी कशी दिसते ते ठरवून टाकलं. कमळात उभी, नेसूची साडी, बाजूला हत्ती. आजही डोळे मिटले की तीच दिसते. चित्राने माणसाची श्रद्धा घडते म्हणतात ती अशी. पण बिचारा खाली सही करायचा! कुणी बनवलं ते कळायचं. पटलं नाही तर भांडायला पत्ता होता. आपण असला भाबडेपणा करायचा नाही.

मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असे दोन बाण उमटले की तो आयएसआयचा शिक्का समजावा.

दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत दरवर्षी पाठवत राहावा. तो नकाशा दिवाळीचा नाही, वर्षानुवर्षांच्या दिव्यांची वाढ वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा आहे, हे नासाने २०१२ मध्येच सांगून झालंय. नासाला काय कळतं?

आणि आता मुख्य मंत्र. हा पाठ करा. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध असलेलं बरं.’

किती सोयीचं वाक्य आहे बघा. पहिल्या अर्ध्यात जबाबदारी झटकली, दुसऱ्या अर्ध्यात पुण्य पदरात घेतलं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी हे वाक्य मी अकरा वेळा मोजलं. लिहिणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ‘पुरावा?’ असं लाल शाईने लिहिलं असेल. खरं-खोटं माहीत नाही तर पाठवता कशाला हो? लेन्स नको, इंटरनेट नको, दोन जिने उतरून खाली यायचं होतं! बाई खाली गेटवर बसली होती. पण तुम्ही खिडकीतून पडदा बाजूला करून तिचा आणखी एक फोटो काढलात. वॉचमनने तो बघितला आणि तिला केबिनमध्ये नेऊन बसवलं. गाठोडं उलटं केलं. त्यात काय होतं सांगू? तुमच्याच जुन्या साड्या होत्या. तुमचा तो नारिंगी गाऊनसुद्धा. दोन तास बसवली तिला. चौदा वर्षं दर मंगळवारी येणारी बाई, जिची ‘भांडीय्येऽऽ’ ऐकून आम्ही घड्याळ लावतो, तिला आधार कार्ड विचारत होता कोण, तर चार महिन्यांपूर्वी भाड्याने राहायला आलेला एक पोरगा.

मला हे कळलं रात्री. नणंदेचा नाशकाहून फोन आला, रडत होती. ‘वहिनी, अगं पिंट्या सापडला का?’ पिंट्या माझ्यासमोर बसून वरण-भात चिवडत होता. फोटोतलं मूल माझं. कापलेली आजी म्हणजे माझ्या सासूबाई. स्वतःच्या सुनेच्या ग्रुपवरून त्यांना कात्री लागली आणि त्यांच्याच नातवाचं अपहरण झालं, त्या डब्याचा भाव करत असताना!

मी न कापलेला फोटो मिळवून टाकला. खाली सगळं लिहिलं. तीन अंगठे आले. एक उत्तर आलं, ‘ठीक आहे, पण शेवटी मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.’

मुलांची सुरक्षा! १ जुलै २०१८ आठवतं का? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, पिढ्यान्‌पिढ्या झोळी घेऊन भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवायला आले म्हणून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. तो कराचीत बनवलेला, मुलांना जपा म्हणून सांगणारा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. हो, तिथेही खोटं काही घातलं नव्हतं, फक्त कापलं होतं. पाचांपेक्षा जास्त ठिकाणी एका वेळी पाठवता येत नाही म्हणून कुरकुर करता ना? ती मर्यादा व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात जाहीर केली. का केली असेल?

आता पुरे झाला उपदेश. मला सरळ बोलू दे. तुम्ही भोळे नाही. सोन्याचा भाव तुम्ही तीन दुकानांत विचारता, भाजीवालीने दिलेली सुटी नोट उजेडात धरून बघता. फक्त गरीब माणसावर आळ घेताना तुम्हाला काही तपासावंसं वाटत नाही. त्या भाडेकरू पोराने दुसऱ्या दिवशी गुपचूप मेसेज उडवला, ‘सॉरी’ एवढंही टाकलं नाही. तुमच्यातल्या एकानेही तिची माफी मागितली नाही. मीसुद्धा नाही, कारण ती राहते कुठे हे चौदा वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं.

झाकण पुढच्या मंगळवारी आणते म्हणाली होती. सासूबाई अजून त्या डब्यावर ताटली ठेवतात.

आणि तुम्ही आज सकाळी पुन्हा एक फोटो टाकलाय, लाल गोलासकट. पाठीवर सॅक आहे म्हणून. अहो, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आहे तो. मीच बोलावलं होतं. काढा तो फोटो.