शेवटचीच पेटी आहे, साहेब

मे महिना अर्ध्यावर आला की मी फोनवर एकच वाक्य दिवसाला वीसदा म्हणतो. "शेवटचीच पेटी आहे, साहेब. पुढच्या आठवड्यात विचाराल तर नाही." देवगडात आमची हापूसची ऐंशी कलमं आहेत, आणि शेणखतापेक्षा त्यांना हे वाक्य जास्त मानवतं. एप्रिलभर भाव उतरायची वाट बघत बसलेला पुण्याचा माणूस ते ऐकून अर्ध्या मिनिटात पैसे पाठवतो. तेव्हा घाई कशी लावायची हे मला कुणी शिकवायला नको. घाई कशी लागते, ते डोंबिवलीच्या भाच्याने शिकवलं.

सुट्टीत आला आणि माझ्या मोबाईलवर चाच्यांचा एक गेम टाकून गेला आंघोळीला. गेम फुकट होता. (तिथेच सावध व्हायला हवं होतं. आंब्याची पहिली फोड मीही फुकटच देतो.) आठव्या दिवशी पडद्यावर सोनेरी शिडाचं गलबत आलं आणि खाली लाल अक्षरं: उरले फक्त २ दिवस.

"मामा, हे गेलं की परत कधीच येणार नाही," भाचा म्हणाला. अगदी माझ्या फोनवरच्या आवाजात.

आमच्या पडवीतून बंदर दिसतं, खऱ्या होड्यांचं. १ जून ते ३१ जुलै त्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मासळीच्या विणीचे दिवस, मासेमारी बंद. त्या मुदतीला कारण आहे. हापूसलाही आहे, पाऊस लागला की फळमाशी उरलेला हंगाम खाऊन टाकते. पण या गलबताला ना पाऊस ना वाळवी. कुठल्याशा संगणकात ठेवलेलं चित्र, ते संपेल कसं? २००६ साली 'ऑब्लिव्हियन' नावाच्या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा खेळाडू केवढे खवळले होते. पण त्या चिलखताला घड्याळ नव्हतं. आता घड्याळ असतं, त्यामुळे खवळायला वेळच मिळत नाही.

हे सगळं मला कळत होतं. म्हणून मी पावणेदोन दिवस टिकलो.

शेवटच्या रात्री सव्वाअकराला जाग आली आणि पोटात खड्डा पडला. आज शेवटचा दिवस. लाईट गेलेली, म्हणजे टॉवर गेला, म्हणजे रेंज फक्त वर सड्यावर. लुंगी खोचून, करवंदीच्या जाळ्या चुकवत कातळ चढलो. गलबत ६५० हिऱ्यांचं आणि हिरे मिळतात ४०० च्या थैलीत, थैली ४४९ रुपयांना. सुटे हिरे मिळत नाहीत. दोन घ्यायच्या आणि उरलेले १५० हिरे बघत बसायचं, कारण १५० मध्ये गेममध्ये काहीच येत नाही. पाच डझनांची पेटी म्हणून पावणेपाच डझन भरायची युक्ती आमच्या आजोबांची. पण गिऱ्हाइकाला सहा आंबे जास्तीचे घ्यायला लावून ते खाऊच द्यायचे नाहीत, इथवर त्यांची मजल गेली नव्हती.

पडद्यावर चाक फिरत राहिलं. मी मोबाईल दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून कातळावर गोल गोल फिरत राहिलो. अकरा अठ्ठावन्नला पैसे गेले. गलबत माझं झालं. सहज त्या लाल अक्षरांवर बोट लागलं, तर आतून घड्याळ उघडलं: शिल्लक ५ तास ३२ मिनिटं. त्यांची मध्यरात्र ग्रिनिचची, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच.

खाली आलो तर आई दारात उभी. "इतक्या रातीचो खंय गेललंस?"

"कलमांची राखण."

"मोबाईल नाचवत?"

सकाळी चहाच्या टपरीवर बातमी होती की सड्यावर गावचा राखणदार देवचार दिसला. हातात मशालीऐवजी काहीतरी निळं होतं म्हणे. मी साखर कमी टाकायला सांगितली आणि गप्प राहिलो.

नऊ दिवसांनी ते गलबत दुकानात परत आलं. "खास पुनरागमन!" किंमत ५०० हिरे. भाच्याला काहीच वाटलं नाही. "फोर्टनाईट गेमने तर २०२४ मध्ये सांगूनच टाकलं, त्या-त्या हंगामाच्या विकतच्या पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनी परत विकायला येऊ शकतात." दीड वर्षाचा तरी मान राखला त्यांनी. इथे नऊ दिवस! मी तक्रार लिहायला बसलो. 'शेवटचं म्हणून विकलंत आणि आता,' इथवर आलो आणि फोन वाजला. पुण्याचे साहेब.

"अहो, शेवटची पेटी म्हणून मी मागच्या आठवड्यात घेतली. तुमच्या स्टेटसला आजही पेट्या दिसतायत?"

"त्या उशिरा मोहरलेल्या कलमांच्या, साहेब," मी म्हणालो. "आणि दोनच उरल्यात."

त्यांनी दोन्ही घेतल्या.