‘पोस्टरं चिकटवून माळढोक वाचत नसतो’: सोलापूरकरांना उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही नुसतं ‘सोलापूरकर’ लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. माझ्या ‘माळढोक वाचवा’ या पक्ष्याच्या पोस्टरखाली तुम्ही लिहिलंत: “पोस्टरं चिकटवून माळढोक वाचत नसतो. तो मरतो विजेच्या तारांनी. तारा काय तुमचं पोस्टर काढणार? आमच्याकडे जमीन विकायला काढली की माळढोक आडवा यायचा, ते कुणी रंगवत नाही. आणि बाईसाहेब, माळढोक झाडावर बसत नाही.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मी सपशेल तोंडावर आपटलेय. माळढोकच्या पायाला पुढे तीन बोटं असतात, मागचं बोट नसतंच. आणि फांदी धरायला लागतं ते नेमकं मागचंच. मी त्याला चौथं बोट देऊन बाभळीवर बसवला. का? कागद उभा होता, खाली मजकुराला जागा हवी होती आणि फांदीची तिरकी रेघ झकास दिसत होती. नावातच ‘माळ’ आहे हो, तरी मी त्याला झाडावर चढवला! ते पोस्टर बऱ्याच जणांनी पुढे पाठवलं, ‘अप्रतिम’ म्हटलं, आणि तुमच्याखेरीज कुणालाच काही खटकलं नाही. मला याचंच जास्त वाईट वाटलं. ज्याला वाचवायचं म्हणून आम्ही गळा काढतोय, त्याचे पायसुद्धा आम्ही नीट बघितले नव्हते.

तारांबद्दल वाद घालणार नाही. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं बेताचंच दिसतं. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात दीडशेच्या आत उरलेल्या पक्ष्यांत एक तारेला लागून गेला तर ती खोट भरायला काही वर्षं जातात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली न्या, बाकीच्यांना पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा, असं सांगितलं. २०२४ मध्ये ते सैल होऊन प्रकरण तज्ज्ञ समितीकडे गेलं. यात माझ्या पोस्टरला कोण विचारतो? (त्या चकत्या मात्र आमच्याच धंद्यातली चीज आहे. रंग, चमक, हालचाल, लांबून काय नजरेत भरेल, सगळा तोच हिशेब. फक्त बघणारा माणूस नाही, पक्षी आहे. आणि इथे चूक झाली तर त्याचा जीव जातो.)

पण ‘पोस्टरने काही होतच नाही’ हे मला मान्य नाही. पोस्टर कुणाच्या भिंतीवर लागतं यावर सगळं अवलंबून आहे. २०१० मधली ‘फक्त १४११ उरले’ ही वाघांची जाहिरात आठवते? आकडा २००६ च्या गणनेतला, पण शाळकरी पोरांच्याही तोंडी झाला. त्या वेळी मीही टी-शर्ट घेतला होता. पुण्यात तो घालून मी वाघासाठी काय केलं? काही नाही. २०२२ च्या गणनेत वाघ ३,६८२ वर गेले ते रानात गस्त घालणाऱ्यांमुळे आणि गावं सोडून गेलेल्या माणसांमुळे. माझ्या टी-शर्टचा त्यात वाटा शून्य.

याच्या उलट आसामातला हरगिला. करकोच्याच्या कुळातला, टकला, गळ्याखाली पिशवी लोंबतेय, कचऱ्यातलं सडकं खातो. कामरूप जिल्ह्यात तो लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतो. खाली घाण आणि वास, म्हणून लोक झाडच तोडून टाकायचे. पूर्णिमादेवी बर्मन यांनी तिथल्या बायकांना हाताशी धरलं. हरगिलाची डोहाळजेवणं घातली, आणि त्याच बायका मागावर गामोसा (आसामी उपरणं) अन् मेखला-चादरीत (तिथल्या बायकांचा साडीसारखा पोशाख) हरगिला विणायला लागल्या. कपडा विकला की पैसा घरात. आता ज्या बाईने तो पक्षी स्वतःच्या हाताने विणलाय, तिच्याच परसात तो घरटं करतो. ती झाड कसं तोडू देईल? दादरा, पचारिया आणि सिंगीमारीत तीसच्या आत असलेली घरटी अडीचशेच्या वर गेली. चित्रच आहे ना तेही? फक्त ते झाडाच्या मालकिणीच्या अंगावर आहे.

आता नान्नज, तुमच्या सोलापूरजवळचं माळढोकचं अभयारण्य. ते झालं १९७९ मध्ये, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली, आणि त्या जमिनी विकणंही अडलं. पुढे कितीतरी वर्षांनी ते १,२२२ वर आणलं, पण तोवर माळढोक म्हणजे व्यवहारात आलेली आडकाठी, हे तुमच्याकडे पक्कं झालेलं. त्या शेतकऱ्याच्या दारात ‘माळढोक वाचवा’ लावणं म्हणजे जखमेवर मीठ. हे तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत माझ्या डोक्यात नव्हतं. मी पुण्यात बसून पुण्यातल्यांसाठीच चित्र काढलं, आणि खाली हुकूम सोडला सोलापूरला.

काल रात्री ते चित्र पुन्हा काढलं. बाभळ गेली. कागद आडवा केला, खाली कुसळी गवताची एकच लांब पट्टी आणि तीत उभा नर, काळी टोपी घातल्यासारखा. बोटं तीनच, मोजून घ्या. ‘वाचवा’ खोडलंय आणि ती जागा तूर्त कोरी आहे. तुमच्या घरच्यांना दाखवाल का? विशेषतः ज्यांची जमीन अडकली होती त्यांना. ते बघून जे म्हणतील ते आहे तसं कळवा, शिवी असली तरी.