मुंजीची सीडी रद्दीत घालण्याआधी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक संदेश आला. जुने व्हिडिओ फॉरमॅट आता ‘बंद’ होणार असून डीएटी, एफएलव्ही, थ्रीजीपी या फायली यापुढे कशावरच उघडणार नाहीत, एका मोफत ॲपने त्या ‘फोर-के’मध्ये बदलल्या की चित्र नव्यासारखे लख्ख होते, त्यानंतर मूळ सीडी सांभाळण्याचे कारण उरत नाही, शिवाय खिशात मावणाऱ्या जुन्या एमपी-फोर प्लेअरमध्ये व्हायरस असतो. एरवी असले काही मी वाचतही नाही. परंतु धाकट्या काकूंनी ते शब्दशः पाळले आणि चुलतभावाच्या २००४ सालच्या मुंजीच्या दोन्ही व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या सीडी, रद्दीवाल्याला देऊन टाकल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक थाप ‘फोर-के’ची आहे. व्हीसीडीचे मानक १९९३ सालचे. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत तिचे चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख पिक्सेलचे (ठिपक्यांचे) असते. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल लागतात. याचा सरळ अर्थ असा की मूळच्या एका पिक्सेलच्या जागी ८२ भरायचे आणि त्यांतले ८१ अंदाजाने रचायचे. काकूंच्या ‘लख्ख’ फायलीत मातृभोजनाच्या प्रसंगी आजीची नथ, जी मुळात तीन-चार पिक्सेलांचीच होती, ती गालावरच्या डागासारखी पसरली आहे, आणि आजीचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत झाला आहे. व्हीसीडीवर चित्र ‘एमपेग-वन’ पद्धतीने, आधीच बराच तपशील गाळून दाबलेले असते. ते उलगडून पुन्हा दाबले की आणखी काही जाते. फाईल फुगली म्हणून तपशील वाढत नाही, आणि मूळ डिस्क गेली की चूक सुधारण्याची वाटच बंद होते.

‘फॉरमॅट बंद’ या अफवेला एक अर्धसत्य चिकटलेले आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एफएलव्ही ज्याची फाईल, तो फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी खरोखरच बंद झाला. पण बंद झाला तो प्लेअर. एफएलव्ही फायली व्हीएलसी या मोफत प्लेअरवर आजही चालतात. एमपी-थ्रीबाबतही असेच झाले होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये एमपी-थ्रीचे परवाने देणे थांबवले, तेव्हा ‘एमपी-थ्री मेला’ अशा बातम्या जगभर झळकल्या. परवाने थांबले ते पेटंटांची मुदत संपत आल्यामुळे, म्हणजे तो फॉरमॅट मरण्याऐवजी सर्वांना मोकळा झाला. व्हीसीडीच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली ‘एव्हीसेक०१.डीएटी’ ही फाईलही आतून साधा एमपेग-वन व्हिडिओच असते. टीव्हीच्या यूएसबीवर ती अडू शकते, संगणकावर सहसा अडत नाही.

दुसरी गोष्टही कबूल केली पाहिजे: डिस्क अमर नाहीत. लग्न-मुंजीच्या व्हीसीडी बहुधा घरगुती रायटरवर लिहिलेल्या सीडी-आर (कोऱ्या मिळणाऱ्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी) असतात, त्यांतला रंगद्रव्याचा थर बिघडतो, आणि चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून व्हीसीडीत वाचनातली चूक दुरुस्त करणारी काही माहिती गाळलेली असते. म्हणून प्रत आजच घ्यावी. मात्र ती डिस्कची जशीच्या तशी प्रत असावी, आणि रूपांतराचे प्रयोग तिच्यावर नंतर करावेत.

खिशातल्या प्लेअरबद्दल एवढेच, की ‘एमपी-फोर’ हे त्यांतल्या अनेक स्वस्त चिनी प्लेअरांचे केवळ विक्रीचे नाव होते. ते एमपी-फोर चालवतच नसत. एएमव्ही नावाची आपलीच फाईल मागत. संगणकाच्या व्हायरसची फाईल त्यांच्या मेमरीत येऊन बसू शकते, जशी ती कुठल्याही पेनड्राईव्हवर बसते.

काकूंच्या दोन डिस्कपैकी एक रद्दीवाल्याच्या पोत्यात सापडली. ती ५१व्या मिनिटाला अडते. दुसरीची प्रत मावशीकडे असण्याची शक्यता आहे, आणि तो संदेश त्यांनाही पोहोचला असल्याने मी आज सकाळीच त्यांना फोन केला.