आवाज येतो, शब्द येत नाहीत

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. पोस्ट मोठी आहे पण आपल्या यंत्रमागवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी इचलकरंजीचा, वय 56, वडलांपासून घरचे साधे यंत्रमाग. सोळाव्या वर्षी सुताच्या कांड्या भरायला लागलो तेव्हापासून त्या खडखडाटातच आहे. माग चालू असताना आमच्याकडं कोणी बोलत नाही, हातवारे करतो नाहीतर कानाला तोंड लावून ओरडतो, समोरच्याचे ओठ बघून अर्धं बोलणं समजून घ्यायची सवय आपोआप लागते. आणि माग चालवायचा तो कानानंच. धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा) नीट बसत नाही, पट्टा सैल झालाय, कुठं काय घासतंय, आवाज जरा बदलला की मी पाठमोरा असलो तरी सांगायचो कुठल्या नंबरच्या मागाचं काय बिघडलंय. त्यामुळं माझा कान चांगला तयार आहे अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीपायी सहा वर्षं गेली.

बायको म्हणायची, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतंय. मी म्हणायचो, तू तोंडातल्या तोंडात बोलतीस. यावरनं आमच्यात किती भांडणं झाली असतील त्याला मोजमाप नाही. ती स्वयंपाकघरातनं काहीतरी विचारणार, मी भलतंच उत्तर देणार, ती गप्प बसणार. नंतर नंतर तर तिनं विचारणंच कमी केलं. एकदा व्यापाऱ्यानं फोनवर सात पीस सांगितले, मी साठ ऐकलं. तेव्हासुद्धा मी नेटवर्कलाच दोष दिला.

मग एक दिवस नात काहीतरी सांगत पळत आली, मी नेहमीसारखं मान हलवून "हो हो, छान" म्हटलं. ती साडेतीन वर्षांची पोर, आजीकडं जाऊन म्हणाली, आजोबांना नको सांगायला, त्यांना कळत नाही. हे वाक्य मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. त्या रात्री झोप लागली नाही मला.

तरी लगेच डॉक्टरकडं गेलो नाही, हेही खरं सांगतो. कानाला ऐकायचं मशीन लावलं की लोक म्हातारा म्हणणार, बहिरा म्हणणार, ही भीती. मुलाला सांगून ऑनलाइन दीड हजाराचं एक यंत्र मागवलं. ते सगळाच आवाज वाढवायचं, पंखा, रिक्षा, भांडी, आणि हात जवळ नेला की शिट्टी मारायचं. चार दिवसांत ड्रॉवरमध्ये गेलं आणि मी ठरवून टाकलं की मशीनचा काही उपयोग नसतोय. हे अर्धवट ज्ञान मी चारचौघांना सांगितलं पण, त्याचं मला आज वाईट वाटतं.

शेवटी बायकोच मिरजेला घेऊन गेली. आधी कान नाक घसावाल्या डॉक्टरनी कानात मळ आहे का, पडद्याला भोक आहे का ते बघितलं, कारण तसलं काही असेल तर उपचार वेगळे, मशीनची गरज लागेलच असं नाही. (आणि एक, कुणाचा एखादा कान अचानक, एक दोन दिवसांत गेला तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात वेळेला फार महत्त्व असतं.) मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासानं कागदावर आलेख हातात आला, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. 1000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजांना, रेघ जवळजवळ सपाट, आणि तिथनं पुढं आंबा घाट उतरल्यासारखी खाली. 4000 ला 65 डेसिबल, म्हणजे तो बारीक आवाज तेवढा मोठा केला तरच मला येतो.

तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी जे समजावलं ते मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. अ, आ, ओ असले स्वर जाड आवाजाचे, ते तुम्हाला व्यवस्थित येतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, ट, ठ, फ यांचा बारीक भाग वरच्या फ्रिक्वेन्सीचा, तोच गेलाय, आणि शब्दाची ओळख त्यावरच असते. बायकांचा आणि लहान पोरांचा आवाज मुळातच बारीक, म्हणून ते आधी निसटतात. मागाचा दणका खालच्या आवाजाचा, तो मला अजून ऐकू येतो. म्हणजे कारखाना ऐकू येत होता आणि घर ऐकू येत नव्हतं. मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या बारीक केसासारख्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मी तिथंच रडलो, लाज नाही वाटत सांगायला. बायको शेजारीच होती, तिलाही पहिल्यांदा कळलं की मी मुद्दाम करत नव्हतो.

आता मशीन निवडायचं. आधी एका दुकानात गेलो होतो तिथं कान न तपासता दोन कानांचे 1 लाख 80 हजार सांगितले, आज घेतलं तर डिस्काउंट म्हणून मागं लागले. तिथनं उठून आलो ते बरं झालं. शेवटी 62 हजारांची जोडी घेतली, कानामागं छोटं मशीन आणि बारीक वायरनं कानात जाणारा रिसिव्हर, म्हणजे छोटा स्पीकर. टोकाला भोकं असलेली रबरी टोपी, तिला डोम म्हणतात, कारण माझा जाड आवाज शाबूत आहे, कान पूर्ण बंद केला तर स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो. चार्जिंगचं घेतलं नाही, 312 नंबरची बॅटरी, आठवडाभर जाते, बदलून टाकली की झालं, हे माझं मत, ज्यांची बोटं थरथरतात त्यांना चार्जिंगचंच बरं. पण मशीनपेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते बसवणारं माणूस. मॅडमनी कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ खरा आवाज किती पोचतो ते मोजलं, मग सेटिंग केलं, आणि पुढं तीन वेळा बोलावून थोडं थोडं वाढवलं. हे मोजमाप करतात का ते विचारा, घ्यायच्या आधी ट्रायल मागा, नंतरच्या सेटिंगचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा.

पहिला आठवडा अवघड गेला. पेपरची घडी उलगडली तरी कानात सरसर, ताट ठेवलं की दचकायचो. गाडीचा इंडिकेटर टिकटिक करतो हे मी विसरूनच गेलो होतो. मेंदूला सवय व्हायला दीड दोन महिने लागले. आणि चष्म्यासारखं घातलं की सगळं ठीक, असं होत नाही. मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की अजूनही मला समोरच्याचं तोंड बघूनच बोलावं लागतं. पण सकाळी बायको चहा गाळताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणते, ते मला माहीतच नव्हतं.

पैशाची अडचण असणाऱ्यांसाठी सांगतो, अपंगत्वाचं सर्टिफिकेट 40 टक्के किंवा वर असेल तर केंद्राच्या एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतनं मशीन मिळतं, उत्पन्नाची अट आहे. साठीच्या वरच्या गरीब माणसांसाठी वयोश्री योजना आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकू न येणाऱ्यांसाठीची सरकारी संस्था 1983 पासून आहे.

आणि एक गोष्ट मनात सलते. आपल्या गावात पहिला यंत्रमाग आला 1904 साली, म्हणजे चार पिढ्या झाल्या. आवाजानं येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीतसुद्धा घातलेलं होतं. तरी आपल्याकडं कामगाराला कानात घालायला काही द्यायची पद्धत पडली नाही, मीही कधी दिलं नाही. माझ्याकडं तीस वर्षं काम केलेला जॉबर (माग दुरुस्त करणारा) आज फोन उचलत नाही, पोराकडं देतो. त्याचं कारण मला आता कळलं.

त्याचा तो पोरगा 26 वर्षांचा, माझ्याकडंच आहे. गेल्या महिन्यात सगळ्यांना कान झाकणारे इअरमफ आणून दिले. (मशीन बंद करून कानात ठेवलं तर आवाजापासून बचाव होतो असं कुणी समजू नका, होत नाही. मी मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मशीन काढून डबीत ठेवतो आणि मफ घालतो.) पोरगा दोन दिवस घालून काढून ठेवायला लागला, म्हणाला, मालक, मागाचं कळत नाही. मग मी त्याला शेजारी उभा केला, दोघांनी मफ घातले, आणि दुसऱ्याला सांगून एका मागाचा पट्टा मुद्दाम सैल करायला लावला. त्यानं माझ्या आधी तिसऱ्या नंबरकडं बोट दाखवलं.